जस्ताचे थेंब

कारखान्यात त्याला सगळे बुडव्या म्हणत. नवीन माणूस हे नाव ऐकून आधी खिसा चाचपायचा. मग कोणीतरी हसून सांगायचं, "अरे, पैसे बुडवणारा नव्हे, लोखंड बुडवणारा."

काम तेच होतं त्याचं. शेडच्या मधोमध एक लांबलचक टाकी, तिच्यात वितळलेलं जस्त, आणि वरून साखळीला लटकत आलेलं लोखंड त्यात बुडवून बाहेर काढायचं. फाटकं, कठडे, रस्त्यावरच्या दिव्यांचे खांब, शिड्या, कुंपणाच्या जाळ्या, नटबोल्टांच्या टोपल्या. आधी ॲसिडात धुऊन काढायचं, मग नवसागराच्या पाण्यातून, मग टाकीत. आत जाताना काळपट असलेला माल बाहेर येताना चांदीसारखा यायचा. त्यानंतर तो पावसापाण्यात वर्षानुवर्षं उभा राहिला तरी गंजायचा नाही, कारण हवा आणि पाणी आधी जस्ताला खातात, लोखंडाचा नंबर त्यानंतर.

सगळी कला बाहेर काढण्यात होती. घाई केली की खालच्या कडेला जस्ताचे थेंब लोंबत राहतात आणि तिथंच थिजतात. थिजलेला थेंब म्हणजे खिळाच, हात फिरवला की रक्त. बुडव्या माल असा सावकाश उचलायचा, की शेवटचा थेंब स्वतःहून टाकीत परत जायचा. क्वचित एखादा राहिलाच तर गरम आहे तोवर पट्टीने खरवडून काढायचा. "बुडव्याच्या हातचा माल डोळे मिटून घ्यावा," असं गिऱ्हाईक म्हणायचं. मालक हे ऐकून मान डोलवायचा आणि पगार तेवढाच ठेवायचा.

वय पन्नाशीला टेकलेलं. घरी एक थोरली बहीण, आक्का. ती विधवा, हा अविवाहित. लग्न का राहिलं असं कोणी विचारलं तर तो म्हणायचा, "आधी वडलांचं आजारपण, मग धाकटीचं लग्न, मग आईचं आजारपण. माझी पाळी आली तेव्हा खिडकी बंद झाली होती." हे तो हसून सांगायचा. ऐकणाराही हसायचा आणि विषय तिथं संपायचा.

वेल्डरबाई पहिल्यांदा आली ती टेम्पोत ड्रायव्हरच्या शेजारी बसून. मागे जिन्याचे कठडे. उतरल्या उतरल्या तिने स्वतःच दोऱ्या सोडल्या. चाळिशी ओलांडलेली, हातांवर ठिणग्यांचे बारीक बारीक डाग, आवाज खणखणीत.

"दादा, हे आज होईल ना?"

बुडव्याने एक कठडा उचलला, पाइपाची दोन्ही टोकं बघितली आणि परत खाली ठेवला.

"नाही होणार."

"का? काय वाईट आहे त्यात?"

"बाई, हा कठडा नाही. ही तोफ आहे."

पाइपाची टोकं तिने झाकणं जोडून बंद केली होती, दिसायला अगदी सुबक. पण धुताना एखाद्या बारीक फटीतून आत पाणी शिरतं, आणि असा बंद पाइप तापलेल्या जस्तात गेला की त्या पाण्याची वाफ होते. वाफेला बाहेर पडायला वाट नसते. मग पाइप फुटतो आणि टाकीतलं जस्त शेडभर उडतं. बुडव्याने एवढं सगळं सांगितलं नाही. त्याने बाही वर सारली आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा जुना व्रण दाखवला.

तिने तो व्रण नीट बघितला. वाद घातला नाही. "ड्रिल आहे का तुमच्याकडे?" म्हणाली, आणि तिथंच फरशीवर बसून तिने प्रत्येक पाइपाला दोन्ही टोकांशी एकेक भोक पाडलं. काम होईपर्यंत दुपार टळली. मग बुडव्याने तिच्यासाठी चहा मागवला.

"नवऱ्याने मला वेल्डिंग शिकवलं," ती बशीत चहा ओतत म्हणाली. "हे भोकांचं सांगायचं राहिलं त्याच्याकडून. त्याच्या आधीच गेला."

"वारले?"

"माहीत नाही."

बुडव्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पण तिने पुढचं सांगितलं, शंभरदा सांगून गुळगुळीत झालेलं सांगावं तसं. नवरा जहाजं बांधतात तिथं कामाला गेला, लांब, समुद्रापलीकडे. दोन वर्षांचा करार होता. आधी दर आठवड्याला फोन, मग महिन्याला, मग बंद. कंपनी गुंडाळली गेली म्हणे. सगळीकडे चौकशी करून झाली. मेला असं कोणी सांगितलं नाही, जिवंत आहे असंही नाही. त्याचं वेल्डिंगचं दुकान तिने चालू ठेवलं. घरी सासूबाई. मूल नाही.

"मग आता?" बुडव्याने विचारलं, आणि विचारल्यावर त्याला स्वतःचाच राग आला.

"आता हे कठडे," ती म्हणाली आणि उठली.

त्यानंतर ती दर आठ-पंधरा दिवसांनी यायची. भोकं अचूक पाडलेली असायची. तरीही बुडव्या प्रत्येक पाइप हातात घेऊन बघायचा, आणि ती कमरेवर हात ठेवून बघत राहायची. "परीक्षा झाली का, दादा? पास का नापास?" तो मान खाली घालून म्हणायचा, "पास." एवढंच. पण ज्या दिवशी तिचा टेम्पो यायचा असेल त्या दिवशी तो सकाळी दाढी करून जायचा. आक्काच्या नजरेतून काय सुटतंय? "आज काय, टाकीत तोंड बघणार आहेस वाटतं," ती म्हणायची.

मग तिचं काम वाढलं. दुकान सोडून येणं जमेना. टेम्पो यायचा, कठडे यायचे, ड्रायव्हर यायचा, ती नाही. ड्रायव्हर हा चांगला माणूस होता, पण बुडव्याला त्याचं तोंड बघवेना. गाडी फाटकातून वळताना तो काम सोडून मान वर करायचा. शेजारची जागा रिकामी दिसली की मान खाली.

अशात एकदा त्याला ताप भरला. दोन दिवस टाकीवर दुसरा माणूस उभा राहिला आणि त्याने वेल्डरबाईचं एक फाटक धसमुसळेपणानं काढलं. तिसऱ्या दिवशी बुडव्या कामावर आला तर समोर ती उभी, हाताला चिंधी बांधलेली.

"हे तुमचं काम?" ती कडाडली. "खालच्या पट्टीला थेंबांची रांग आहे! गिऱ्हाइकाच्या दारात फाटक उतरवताना माझाच हात फाटला. त्यांच्या घरातल्या कोणाचा फाटला असता तर मी कोणत्या तोंडानं उभी राहिले असते?"

तो आजारी होता, ते काम त्याचं नव्हतं, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. त्याने सांगितलं नाही. ती बोलत होती आणि तो ऐकत होता. बोलून दमल्यावर तिने पाणी मागितलं. त्याने पाणी दिलं, मग चहा, मग कानस घेऊन सगळे थेंब तिच्यासमोर घासून काढले. ती टेम्पोत बसून गेली तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की इतकी बोलणी खाऊनही आपण गुणगुणत काम करतोय.

पुढच्या खेपेला पुन्हा नुसता ड्रायव्हर आला.

त्या दिवशी बुडव्याने जे केलं ते त्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं. तिच्या कठड्यांतला शेवटचा कठडा वर घेताना त्याने साखळी जराशी लवकर ओढली. तळाशी एक थेंब लोंबकळला. त्याने तो बघितला. पट्टी हातात होती. थेंब थिजेपर्यंत तो नुसता उभा राहिला.

चार दिवसांनी ती आली. रागावली, पण आधीपेक्षा कमी. चहा घेतला. सासूबाईंचे गुडघे फार दुखतात असं सांगितलं. पुढल्या खेपेला बुडव्याने पुन्हा एक थेंब ठेवला. ती पुन्हा आली. त्याला रात्री झोप लागेना, कारण तो मनाने बदमाश नव्हता. आपल्या हातून माल बिघडवला जातोय, याचं त्याला खरंच वाईट वाटायचं. आणि सकाळी तिची वाट बघताना ते वाईट वाटणं कुठं जायचं कोण जाणे.

चौथ्यांदा ती आली ती बोललीच नाही. कठडा उलटा करून फरशीवर ठेवला आणि खाली बसली. बोटाने थेंब चाचपला. मग वर बघितलं.

"प्रत्येक वेळी एकच कसा राहतो?"

बुडव्या हातातली पट्टी पुसायला लागला.

"आणि इथंच कसा राहतो? फरशीत गाडायच्या टोकाशी. कोणाच्या हाताला लागणार नाही, आणि माझ्या डोळ्यांतून सुटणार नाही, नेमका अशा जागी?"

जस्ताचं काम करता करता त्याचं पितळ उघडं पडलं होतं. कानशिलं तापली. आजूबाजूला माणसं होती, ॲसिडाच्या टाकीवरचा, साखळीवरचा, सगळे आपापल्या कामात असल्याचं दाखवत होते.

"चुकलं," तो म्हणाला.

तिने कठडा जवळ ओढला. मग पिशवीतून कानस काढली. घरूनच आणली होती. चार हात मारून थेंब घासून टाकला, धूळ फुंकली आणि उभी राहिली.

"काम नीट करा," ती हळू म्हणाली. "मी येत जाईन."

आणि फाटकापर्यंत जाऊन वळून म्हणाली, "अहो, पुढची खेप शुक्रवारी आहे."

दादा म्हणाली नाही. बुडव्या घरी जाईपर्यंत तो "अहो" कानात घेऊन चालला. अहो तर माणूस कोणालाही म्हणतं, बसमधल्या परक्यालाही म्हणतं, हे तो स्वतःला परत परत सांगत होता. पण त्यानंतर ती त्याला कधीच दादा म्हणाली नाही.

ते दीडएक वर्ष त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं. ती यायची. माल टाकीत असताना दोघं शेडच्या बाहेर लाकडी फळ्यांवर बसायची. ती कामाचं बोलायची, सासूबाईंचं बोलायची. आणि नवऱ्याचंही बोलायची, अगदी सहज. तो हसायचा कसा, वेल्डिंगचा मुखवटा वर न करताच शिंकायचा कसा. बुडव्या ऐकायचा. त्या न पाहिलेल्या माणसाचा त्याला हेवा वाटायचा आणि ऐकता ऐकता तो माणूस आवडायलाही लागला होता. हे आणखीच अवघड.

शेवटी आक्काने त्याला धरलं. "किती दिवस दाढ्या करणार आहेस? विचार ना तिला."

"काय विचारू? नवरा आहे तिला."

"कुठं आहे?"

"तेच तर कोणाला माहीत नाही."

"मग तेच विचार."

त्याने विचारलं. फळ्यांवर बसून, समोरच्या खांबांच्या ढिगाकडे बघत. वाक्य नीट जमलं नाही, पण तिला कळलं.

"आला तर?" ती म्हणाली. "उद्या दारात उभा राहिला तर मी त्याला काय सांगू?"

"आणि नाही आला तर?"

"नाही आला हे कोणत्या दिवशी कळणार? मेलेल्या माणसाचा एक दिवस असतो. रडतात, आणि मग संपतं कधीतरी. याचा दिवसच नाही." तिने फळीवरचा भुसा झटकला. "सासूबाई अजून त्याच्या वाटणीचं पांघरूण उन्हात टाकतात. मी कपाटात परत ठेवते. रोज नाही, पण टाकतात."

बुडव्याने पुन्हा तो विषय काढला नाही. तिचं येणं चालू राहिलं, आणि त्याला तेवढं पुरत होतं, किंवा पुरतं असं तो म्हणत होता.

घात केला तो स्टेनलेस स्टीलने. एकेकाळी स्टील म्हणजे स्वयंपाकघरात, भांडी आणि चमचे. आता लोकांना जिन्याला, गॅलरीला, फाटकाला स्टीलच हवं झालं. चकचकीत, तोंड दिसेल असं. खिडक्यांना तर लोखंड कोणी विचारीना, तिथं ॲल्युमिनियम. वेल्डरबाई स्टील जोडायला लागतं ते आर्गॉन वायूचं वेल्डिंग शिकून आली. पोटासाठी शिकावंच लागलं.

"स्टीलचे कठडे कधी आणणार आम्हाला दाखवायला?" बुडव्याने एकदा थट्टेत विचारलं.

"कशाला आणू?" ती म्हणाली. "स्टीलला गंज नाही. गंज नाही तर जस्त नाही, आणि जस्त नाही तर..." पुढचं बोलली नाही.

खेपा पंधरवड्याच्या महिन्यावर गेल्या, महिन्याच्या दोन महिन्यांवर. तेवढ्यात कारखान्याभोवती वस्ती वाढली, ॲसिडाच्या वाफेने डोळे चुरचुरतात म्हणून लोकांनी तक्रारी केल्या, आणि मालकाने टाकी पार लांब, बसने अर्धा दिवस लागेल अशा माळावर हलवली. बुडव्याला दुसरं काय येत होतं? तोही गेला. आक्का आली नाही. "माझा या गल्लीत जन्म गेलाय, मी माळावर कोणाशी भांडू?" म्हणाली.

जाण्याआधी तो वेल्डरबाईच्या दुकानावर गेला. पहिल्यांदाच. ती मुखवटा चढवून काम करत होती. त्याला बघून तिने मशीन बंद केलं, पण मुखवटा लगेच वर केला नाही.

"जातो," तो म्हणाला.

"हं," मुखवट्याच्या आतून आलं.

माळावर कारखाना मोठा होता. विजेच्या मनोऱ्यांची कामं, महामार्गाचे कठडे, मैलोन्मैल पुरतील एवढे. गिऱ्हाईक म्हणजे कंपन्या. माल आणणाऱ्या माणसाला मालाशी घेणंदेणं नाही. बुडव्या खोलीवर स्वतःचं जेवण शिजवायचा, सुटीच्या दिवशी रस्त्याने भटकायचा. भटकताना कुठं जस्ताचा कठडा दिसला की थांबायचा. नवं जस्त असलं की त्यावर फुलं उठलेली दिसतात, बर्फाच्या नक्षीसारखी. जुनं झालं की राखाडी पडतं. तो फुलांकडे बघायचा नाही. जोड बघायचा. तिचा जोड त्याला ओळखू यायचा. नाण्यांची चळत आडवी केल्यासारखा, एकसारखा. पण इतक्या लांब तिचं काम कुठून येणार? तरी तो वाकून बघायचा. रस्त्यावरचे लोक त्याला वेडा समजत असतील.

फोन होते. पण फोनवर काय बोलायचं? "माल कसा आहे?" "आहे." "सासूबाई?" "बऱ्या आहेत." मग दोघंही श्वास घेत राहायची. फळ्यांवर बसून गप्प राहणं सोपं होतं. फोनवर गप्प राहिलं की लाइन तुटली असं वाटतं.

असं वर्ष गेलं. मग एका दुपारी फाटकावरचा पहारेकरी आला. "बुडव्या, एक बाई आल्यात. चालत. गुडघ्याएवढं काहीतरी घेऊन."

ती होती. बसने आली होती. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक बुटकं स्टूल, लोखंडी पाइपाचं.

"सासूबाईंना आंघोळीला बसायला," ती म्हणाली. "जस्त चढवून हवंय."

बुडव्याने स्टूल हातात घेतलं. चारही पायांना भोकं. जोड तसेच, एकसारखे. त्याने ते खूप वेळ फिरवून बघितलं, कारण वर बघायचा धीर होत नव्हता.

"हे स्टीलचं करायला हवं होतं," तो म्हणाला. "कायम पाण्यातलं काम. तुमच्याकडे स्टीलचे तुकडे ढिगानं पडलेले असतील."

"आहेत."

"मग लोखंडाचं का केलं?"

"तुम्हाला कळत नसेल तर राहू दे," ती म्हणाली आणि दुसरीकडे बघायला लागली.

स्टूल दुसऱ्या मालाबरोबर तारेला बांधून टाकीत सोडलं. इथं फळ्या नव्हत्या. दोघं पालथ्या पिंपांवर बसली. आधी बसचं बोलणं झालं, मग रस्त्याचं. मग ती म्हणाली, "परवा सासूबाईंची पाठ चोळत होते. एकदम म्हणाल्या, 'त्याची वाट मी बघते. तू कशाला बघतेस? एका माणसाला एक जण पुरे.'"

"तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही. पाणी घातलं." तिचा खणखणीत आवाज बारीक झाला होता. "मला वाटलं, रागाने बोलल्या. तोंड बघितलं तर राग नव्हता. मग आणखी म्हणाल्या, तो जस्तवाला कुठं असतो आता?"

बुडव्या पिंपावरून अर्धवट उठला आणि परत बसला.

"पण एक सांगते," ती म्हणाली. "मला अजून वाटतं, तो येईल. आधीइतकं नाही वाटत, पण वाटतं. कडी वाजली की हातातलं टाकून दाराकडे बघते. खोटं कशाला बोलू? असं वाटत असताना मी तुम्हाला कसं..."

"वाटू दे की," बुडव्या म्हणाला. "मी काय ते ॲसिडात धुऊन मागतोय?"

ती हसली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. बुडव्याने खिशातून फडकं काढलं. ते कामाचं, काळंकुट्ट. त्याने ते परत खिशात घातलं. शेवटी तिने आपल्याच बाहीने डोळे पुसले.

"आला तर?" तिने विचारलं, पूर्वी विचारलं होतं तसंच.

"आला तर तिघं-चौघं बसून ठरवू. मलाही बघायचंय त्याला एकदा. एवढं ऐकलंय त्याच्याबद्दल."

स्टूल बाहेर आलं. बुडव्याने ते स्वतः वर घेतलं, इतकं सावकाश की साखळीवरचा माणूस कंटाळून जांभया द्यायला लागला. पाण्यात विझवून, पुसून तिच्या हातात दिलं. बस यायला वेळ होता. थांब्यावर उभं असताना ती म्हणाली, "माझ्याकडे पॉलिशला माणूस हवाय. स्टीलला घासायला."

"मला स्टीलचं काही येत नाही."

"मग शिका. मी नाही का शिकले?"

त्याने लगेच हो म्हटलं नाही. ती बस येईपर्यंतही म्हटलं नाही. बावीसेक वर्षं एका टाकीवर काढलेल्या माणसाला हो म्हणायला बसच्या थांब्यापेक्षा जास्त जागा लागते. वितळलेल्या जस्तावर जमलेली राख फावड्याने बाजूला सारली की एक क्षण असा येतो, की खाली नुसता आरसा असतो, जिवंत, किंचित थरथरणारा. मग त्यावर पुन्हा साय धरते. त्या क्षणासाठी तो रोज कामावर जायचा, हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. तिलाही नाही.

दोन महिने त्याने असेच काढले. मग मालकाला जाऊन सांगितलं. मालक आधी ओरडला, मग गयावया केली, मग पगार वाढवतो म्हणाला. "हे आधी नाही का सुचलं?" बुडव्या म्हणाला. नवीन माणूस तयार होईपर्यंत थांबला, त्याला हात धरून उचलायचा वेग शिकवला, आणि एका सकाळी पेटी घेऊन बसमध्ये बसला.

आता तो आक्काकडे राहतो आणि दिवसभर वेल्डरबाईच्या दुकानात असतो. लोक बोलायचं ते बोलले. बोलून बोलून त्यांचीही तोंडं दुखली. कागदोपत्री काही झालेलं नाही. तिला ते नको आहे, आणि त्याने विचारलेलं नाही. दुपारी तिघं एकत्र जेवतात, दुकानामागच्या खोलीत. सासूबाई त्याला पॉलिशवाले म्हणतात, आणि त्याच्या ताटात आधी वाढतात.

पॉलिशचं काम त्याला जमलं. चाक फिरतं, स्टील घासलं जातं, उजळतं. चूक करायला जागाच नाही. हेच त्याला आवडत नाही. स्टील आधीपासूनच चांगलं असतं, त्याला कोणाची गरज नसते. कधीकधी काम थांबवून तो रिकाम्या हातांनी उभा राहतो आणि डोळ्यांसमोर राख बाजूला सारलेली टाकी येते. वेल्डरबाई हे बघते. विचारत नाही. तिला माहीत आहे, माणूस समोर असतानाही दुसरीकडे असू शकतो. तिच्याइतकं ते कोणाला माहीत असणार?

परवा जेवताना पुढच्या दाराची कडी वाजली. सासूबाईंचा घास हातातच राहिला. वेल्डरबाईने मान वर केली आणि दाराकडे बघत राहिली. बुडव्याच्या लक्षात आलं, की आपणही श्वास रोखून बसलोय, आणि आपल्याला भीती वाटतेय की आशा, हे आपल्यालाच सांगता येत नाहीये. दोघींच्यानं उठवत नव्हतं. मग तो उठला, हात धुतले आणि दार उघडायला गेला.

बाहेर एक गृहस्थ होते. गॅलरीसाठी कठडा हवा होता, चांगला टिकाऊ. लोखंडाचा बरा की स्टीलचा, ते विचारत होते.

"आत या," बुडव्या म्हणाला. "बसा. चहा घेऊ, मग सांगतो."